पौंड, जिने आणि हवापालट

स्वस्तात परदेश कसा पाहावा यावर आपल्याकडे ढीगभर लिहिलं जातं. 'इतक्या हजारांत दहा दिवसांचं इंग्लंड', 'पौंडाचा बाऊ करू नका' वगैरे वगैरे. मीही ते आवडीने वाचतो. पण हल्ली त्यात एक गोष्ट खटकायला लागली आहे. हे लिहिणाऱ्या सगळ्यांचे गुडघे, कंबर आणि हृदय ठणठणीत असतं! पहाटे विमानातून उतरा, बॅगा घेऊन बसने शहरात या, तिसऱ्या मजल्यावरची खोली घ्या, दिवसाला वीस हजार पावलं चाला आणि रात्रीच्या बसने पुढच्या गावाला जा, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचतं. वाचतं, हे खरंच. पण ते कुणाच्या जिवावर वाचतं, हा कॉलम त्या एक्सेल शीटमध्ये नसतो.

माझं मत असं, की स्वस्त प्रवासात वाचलेला बराचसा पैसा शरीराच्या खात्यातून वळता झालेला असतो. तिशीतल्या माणसाच्या या खात्यात भरपूर शिल्लक असते, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही. नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या माणसाचं खातं मात्र मिनिमम बॅलन्सच्या आसपास असतं. तिथे दंड लगेच बसतो. म्हणून अशा माणसाबरोबर निघताना बजेट दोन करावी लागतात, एक पौंडांचं आणि एक दमाचं. आणि दोन्हींची भांडणं लागली तर दुसऱ्याचं ऐकायचं.

हे पुस्तकी ज्ञान नाही. मे २०१९ मध्ये मी बाबांना घेऊन नऊ दिवस इंग्लंडला गेलो होतो. बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले, उभी नोकरी भुसावळच्या आसपासच्या स्टेशनांवर. रेल्वे जिथे जन्मली तो देश एकदा बघायचा, एवढी एकच परदेशवारीची इच्छा. आम्ही बेत आखत होतो आणि जानेवारीत त्यांची बायपास झाली. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, पण अटींसकट. रोज चालायचं, दमलं की बसायचं, छातीचं हाड जपायचं म्हणून वजन उचलायचं नाही, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. आईने विमानात बसायला ठाम नकार दिला आणि गोळ्यांचा डबा माझ्या हातात ठेवला.

या प्रवासात स्वस्ताईचा आग्रह माझ्यापेक्षा बाबांचा जास्त होता. पौंड तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता आणि बाबांचा नव्वदचा पाढा तोंडपाठ. "चहा दोन पौंड? एकशे ऐंशी रुपये! एवढ्यात मी अख्ख्या प्लॅटफॉर्मला चहा पाजीन."

आता जरा आमच्या धंद्याची भाषा बोलतो. कुठलीही सिस्टिम तुम्ही एकाच आकड्यासाठी ऑप्टिमाइज केलीत, की बाकीचे आकडे गुपचूप बिघडत जातात. बुकिंगच्या साइटवर पहिलं बटण कुठलं असतं? किंमत, कमीपासून जास्तीकडे. मग पहिल्या पानावर काय येतं? भल्या पहाटे पोचणारं विमान, गावाबाहेरचं स्टेशन आणि लिफ्ट नसलेलं हॉटेल. खोली स्वस्त का आहे, तर तिथे पोचणं अवघड आहे म्हणून. यात कुणाचं कारस्थान नाही. ज्या गैरसोयीला कुणी पैसे देत नाही ती स्वस्त होते, इतका साधा बाजार आहे. फक्त 'फुटपाथपासून पलंगापर्यंत किती पायऱ्या' असं सॉर्ट करायची सोय नसते, आणि आम्हाला नेमकी तीच हवी होती.

पहिलाच नमुना बघा. आमचं स्वस्तातलं विमान सकाळी सहाला उतरलं. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार. मधले नऊ तास! एरवी माझ्यासारखा माणूस सामान ठेवून गाव हिंडून येतो. बाबा रात्रभर खुर्चीत बसून आलेले, पायांवर थोडी सूज. काउंटरवरचा पोरगा सभ्य होता. सामान आनंदाने ठेवून घेतो म्हणाला. सामान ठेवायची सोय होती, माणूस ठेवायची नव्हती. शेवटी जवळच्या एका बागेत बाकावर बसलो. मे महिना असला तरी लंडनचा मे तो, स्वेटर घालून वर मफलर. बाबा अधूनमधून डुलक्या घेत होते आणि मी दर वीस मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" विचारून त्यांची झोप मोडत होतो.

खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली. लंडनमधली बरीचशी स्वस्त हॉटेलं म्हणजे एकोणिसाव्या शतकातली एकाला एक चिकटलेली उंच, अरुंद घरं. लिफ्ट बसवायला त्यात जागाच नसते, आणि जुन्या इमारती जपायचे तिथले कायदे कडक असल्याने भिंती मनासारख्या पाडताही येत नाहीत. जिना कार्पेट घातलेला, वळणावळणाचा. बाबांनी पहिल्याच चढणीत पायऱ्या मोजल्या. चौपन्न. प्रत्येक मजल्यावर थांबून, कठड्याला धरून, "घाई नाही" असं मलाच सांगत चढले. त्याच हॉटेलात तळमजल्यावरची खोली अठरा पौंडांनी महाग होती. "अठरा नव्वे सोळाशे वीस," बाबा म्हणाले, "एका रात्रीचे! चौपन्न पायऱ्यांना सोळाशे वीस म्हणजे पायरीला तीस रुपये झाले."

मला हा हिशोब फार आवडला. कारण तो बरोबर आहे, फक्त उलट्या बाजूने वाचायचा. पायरीला तीस रुपये देऊन जर बायपास झालेल्या माणसाची चढण वाचणार असेल, तर याहून स्वस्त काही आहे का? दिवसातून दोनदा वर-खाली झालं तर तो दर निम्म्यावर येतो. तिसऱ्या दिवशी आम्ही तळमजल्यावर आलो. पैसे मी भरले आणि आकडा बाबांना सांगितला नाही. त्यांनीही विचारला नाही, यावरून काय ते समजा.

आता तिकिटं. इंग्लंडमध्ये रेल्वेची सगळ्यात स्वस्त तिकिटं असतात ॲडव्हान्स प्रकारची. काही आठवडे आधी काढली तर खूपच कमी पैशांत मिळतात, पण ती त्या दिवशीच्या त्याच गाडीला चालतात. आधीच्या नाही, नंतरच्या नाही. रेल्वेमुळे उशीर झाला तर पुढच्या गाडीत बसू देतात. तुम्ही हळू चालता म्हणून गाडी चुकली, तर मात्र नवीन तिकीट. म्हणजे सूट मिळते ती धावू शकणाऱ्याला. ज्याला मध्येच पाच मिनिटं टेकावं लागतं, ज्याला पाण्याच्या गोळीमुळे (बायपासवाल्यांच्या घरी ही काय असते ते माहीत असेल) तासातासाला टॉयलेट शोधावं लागतं, त्याच्यासाठी हे तिकीट स्वस्त नसतं. ते टेन्शन असतं. गर्दीच्या वेळा सोडून दिवसभर चालणारी ऑफ-पीक तिकिटं थोडी महाग, पण त्यात घड्याळाची भीती जाते. टॉयलेटवरून आठवलं, नेटवर्क रेलच्या मोठ्या स्टेशनांवर पूर्वी टॉयलेटला नाणं टाकावं लागायचं. एप्रिल २०१९ पासून ते फुकट झालं, म्हणजे आम्ही जायच्या बरोब्बर महिनाभर आधी. बाबांनी या सुधारणेचं मनापासून स्वागत केलं.

खरा प्रसंग घडला तो सोमवारी. मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे असतो. आम्ही समुद्रकाठच्या एका गावी निघालो होतो आणि अर्ध्या वाटेवर कळलं की पुढे रुळांचं काम चालू आहे, गाडीऐवजी बस. सगळा डबा कुरकुरला. बाबा सोडून! "ब्लॉक घ्यायचा तर सुट्टीलाच घेणार ना," ते मला समजावत होते, "आपल्याकडे मेगाब्लॉक रविवारीच असतो की. कामाच्या दिवशी घेतला असता तर लोकांनी मारलं असतं." रेल्वेवाला तो रेल्वेवाला.

पण स्टेशनवर उतरल्यावर पादचारी पूल होता आणि पुलाला लिफ्ट नव्हती. पलीकडे बस उभी, आत बसायला झुंबड. मी एक बॅग पलीकडे पोचवून दुसरीसाठी परत यायचं, तोवर बाबांनी बाकावर बसून राहायचं, असं ठरलं. मी पूल उतरून मागे वळून बघतो तर बाबा दुसरी बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून पूल चढतायत. बस निघून जाईल, पोरगा एकटाच किती धावणार, असं त्यांच्या मनात आलं असणार. चौदा किलोची बॅग. मी तिथूनच ओरडलो, आणि चांगलाच ओरडलो. लोक बघायला लागले. बाबांनी बॅग पायरीवर ठेवली आणि कठड्याला टेकून उभे राहिले. चेहरा पांढराफटक. छातीवर हात.

काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाच मिनिटांनी धाप बसली, रंग परत आला. ती बस गेली, वीस मिनिटांनी दुसरी आली. त्या अख्ख्या प्रवासात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. खिडकीबाहेर हिरवीगार कुरणं आणि मेंढ्या, अगदी कॅलेंडरवरच्यासारख्या, आणि आम्ही दोघं घुम्यासारखे. गाव जवळ आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस." मी म्हटलं, "सांगत नाही. पण आता बाकीचा प्रवास मी म्हणेन तसा."

त्या पुलावर जे पणाला लागलं होतं ते पाहिल्यावर 'कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त ठिकाणं' ही कल्पनाच मला वेडगळ वाटायला लागली.

या कल्पनेचं मूळही गंमत म्हणजे इंग्लंडमध्येच सापडतं. ५ जुलै १८४१ ला थॉमस कुकने सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लॉफबरोला रेल्वेने नेऊन आणलं, माणशी एक शिलिंग. दारूबंदीच्या प्रचारसभेसाठीची ही सहल. सामान्य माणसाला स्वस्तात फिरवण्याचा धंदा त्यातून उभा राहिला. (त्याच्या नावाची कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली, आम्ही परतल्यावर चार महिन्यांनी. बाबांचा यात काही हात नाही.) पण कुकच्या आधीपासून त्याच देशात प्रवासाचं आणखी एक कारण होतं, बरं होणं. आजारातून उठलेली माणसं बाथला जाऊन गरम झऱ्याचं पाणी प्यायची. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याचं आणि हवेचं कौतुक सुरू केलं आणि ब्रायटनचं नशीब उघडलं. मार्गेटला तर १७९१ मध्ये समुद्रस्नानाचं हॉस्पिटलच निघालं. समुद्राचं पाणी पिऊन कोण किती बरं झालं हे सोडा. मला त्यातली वृत्ती महत्त्वाची वाटते. माणूस एका जागी जायचा, तिथे राहायचा, सकाळ-संध्याकाळ जमेल तेवढं चालायचा, बाकावर बसून समुद्र बघायचा आणि परत यायचा.

आपल्याकडे याला किती छान शब्द आहे. हवापालट! माझ्या आजीच्या पिढीत कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की घरातली मोठी माणसं म्हणायची, "जरा हवापालट करून आणा." मग पाचगणी, देवळाली, नाहीतर कोकणातलं एखाद्या मामाचं घर. परत आल्यावर कुणी "किती पॉइंट पाहिलेस?" असं विचारायचं नाही. "जेवण जायला लागलं का? झोप लागते का?" असं विचारायचं. पुढे सहल आली, पॅकेज आलं, आणि हवापालट हा शब्द आपण अडगळीत टाकला. आता आपण दुखण्यातून उठलेल्या माणसालाही सहलीलाच नेतो आणि मग तो दमला की आपली चिडचिड होते.

पुढच्या सहा दिवसांचा आम्ही हवापालट करून टाकला. यादीतली तीन गावं कापली. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचले! गाव बदललं की तिकीट, बॅगा, नवीन हॉटेल, टॅक्सी, आणि पोचल्याच्या दिवशी दमल्यामुळे घेतलेलं महागडं जेवण. तीन गावं कमी म्हणजे हे सगळं तीनदा कमी. बजेट ट्रॅव्हलवाल्यांना मी कळकळीने सांगतो, न जाण्यासारखं स्वस्त काही नाही. उरलेलं एक ठिकाण होतं यॉर्क. तिथे तीन रात्री, स्टेशनजवळ, तळमजला.

आता या लेखातला सगळ्यात अवघड विषय. व्हीलचेअर.

इंग्लंडच्या रेल्वेत पॅसेंजर असिस्ट नावाची सोय आहे. म्हातारे, आजारी, प्लॅस्टरवाले, कुणालाही. पैसे पडत नाहीत. तुम्हाला प्लॅटफॉर्मपर्यंत नेतात, गाडीला रॅम्प लावतात, बॅग चढवतात आणि उतरायच्या स्टेशनवर दुसरा माणूस घ्यायला येतो. तेव्हा आदल्या दिवशी कळवावं लागायचं, एप्रिल २०२२ पासून दोन तास आधी कळवलं तरी चालतं. मी यॉर्कच्या गाडीसाठी ती मागितली आणि बाबा बिथरले. "मी काय पेशंट आहे? लोक काय म्हणतील?" लंडनमध्ये त्यांना ओळखणारा एकही माणूस नव्हता, पण लोक काय म्हणतील हा प्रश्न आपण पासपोर्टबरोबर घेऊनच निघतो.

ही लाज आपल्याकडे भयंकर मुरलेली आहे, आणि तिच्यात नुसता अभिमान नसतो. एकदा खुर्चीत बसलो की आपण कायमचे त्या खुर्चीतले, अशी भीती असते. बरं होत असलेल्या माणसाला ही भीती सगळ्यात जास्त. तो इकडचाही नसतो आणि तिकडचाही नसतो. दिसायला धडधाकट, त्यामुळे बसमध्ये त्याला कुणी उठून जागा देत नाही, आणि तो मागतही नाही. लंडनमध्ये यावर एक उपाय २०१७ मध्ये आला. 'कृपया मला बसायला जागा द्या' असं लिहिलेला बिल्ला. फुकट मिळतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, तुम्हाला काय झालंय हे कुणाला सांगावं लागत नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की आपल्या पीएमटीत (सॉरी, पीएमपीएमएलमध्ये) ती का नसावी असा विचार अजून डोक्यात आहे.

बाबा कसे तयार झाले? किंग्ज क्रॉसला मदतीला आलेला माणूस साठीच्या जवळपासचा होता. बाबांनी आपल्या इंग्रजीत त्याला विचारलं, किती वर्षं नोकरी? तो म्हणाला, एकतीस. बाबा म्हणाले, माझी छत्तीस. झालं! पुढची दहा मिनिटं सिग्नल, शिफ्ट आणि पेन्शन. मग त्याने खुर्ची पुढे केली आणि बाबा निमूट बसले. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "अरे, मी नोकरीत किती लोकांना खुर्चीतून गाडीला लावून दिलं असेल. तेव्हा एखादा नको-नको करत बसला की मला राग यायचा, गाडी सुटायला आलेली असायची. ड्यूटीवरच्या माणसाला त्याचं काम करू द्यावं." मदत घेण्याच्या बाजूने इतका पटणारा युक्तिवाद मी दुसरा ऐकलेला नाही. यात दया नाही, उपकार नाहीत. एक माणूस ड्यूटीवर आहे, एवढंच.

यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनला लागूनच आहे आणि तिकीट नाही. तिथे मॅलार्ड नावाचं निळं इंजिन होतं. ३ जुलै १९३८ ला त्याने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठला. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम अजून मोडलेला नाही. बाबा त्याच्यासमोर बसले ते तासभर. मध्ये उठून एकदा चाकांजवळ वाकून आले, पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी परत तिथेच. माझ्या एक्सेलमध्ये दुसऱ्या दिवशी दुसरंच काहीतरी होतं, ते डिलीट केलं. नऊ दिवसांतला सगळ्यात चांगला भाग कुठला असं आजही विचारलं तर बाबा तो बाक सांगतात. खर्च शून्य, पायऱ्या शून्य.

बाकांबद्दल एक सांगायचं राहिलं. इंग्लंडमधल्या बागांत, नदीकाठी जागोजागी बाक असतात आणि त्यातल्या अनेकांवर छोटी पाटी असते, अमुकअमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांना ही जागा फार आवडायची. बाबा प्रत्येक पाटी वाचायचे. चालायचं आणि दमलं की बसायचं, हे डॉक्टरांचं पथ्य त्या पाट्यांमुळे आपोआप पाळलं गेलं.

"पैसे असतील तर हे सगळं सोपं आहे हो," असं काही जण म्हणतील. रास्त आहे. म्हणूनच सांगतो, आमचा एकूण खर्च ठरवल्यापेक्षा फारसा वाढला नाही. पैसे फक्त इकडचे तिकडे झाले. जिथे शरीराला भुर्दंड नाही तिथे बिनधास्त काटकसर करा. सुपरमार्केटमधली सँडविचेस खा. राष्ट्रीय संग्रहालयं डिसेंबर २००१ पासून सगळ्यांना फुकट आहेत (ब्रिटिश म्युझियम तर १७५९ मध्ये उघडलं तेव्हापासून), तिथे जा. दोघं कायम बरोबर असाल तर टू टुगेदर रेलकार्ड काढा, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. लंडनमध्ये ट्यूबपेक्षा बस घ्या. ती ट्यूबपेक्षा स्वस्त, खाली उतरायला नको, आणि तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच. आणि यातून वाचलेले पैसे दमाच्या खात्यात भरा. थेट विमान, लिफ्ट किंवा तळमजला, घड्याळ न लावणारं तिकीट, आणि शेवटच्या एका मैलाला टॅक्सी.

ट्यूबने जायचंच असेल तर नकाशे बघून जा. ट्यूबच्या २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत बिनपायऱ्यांची आहेत, पण कुठली ते दाखवणारा अधिकृत नकाशा मिळतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनची तर सगळीच स्टेशनं तशी आहेत. कॉव्हेंट गार्डनला जिन्यापाशी पाटीच आहे, १९३ पायऱ्या, म्हणजे पंधरा मजले. पाटी वाचून माणूस मुकाट्याने लिफ्टच्या रांगेत उभा राहतो. हॉटेलवाल्यांनी आपल्या साइटवर एवढी एक ओळ लिहिली तर किती माणसांचा जीव वाचेल!

औषधांचंही तसंच. आपल्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन तिथल्या केमिस्टकडे चालत नाही, तेव्हा गोळ्या जास्तीच्या न्या आणि दोन हातबॅगांत विभागून ठेवा. तिथल्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात पाहुण्यालाही फुकट तपासतात, पण ॲडमिट केलं की बिल सुरू होतं आणि ते जबर असतं. इन्शुरन्स घेताना बायपास लपवू नका. हप्ता वाढेल, वाढू दे.

"मग पूर्ण बरं झाल्यावरच जावं ना," असंही कुणी म्हणेल. आमच्या काही नातेवाइकांनी हेच म्हटलं होतं. बाबांनी तेव्हा विचारलं होतं, "पूर्ण बरं म्हणजे कधी? तारीख सांग, रिझर्व्हेशन करतो." डॉक्टर नको म्हणाले तर अर्थातच जाऊ नये. पण डॉक्टर हो म्हणत असतील, तर बरं होणं संपायची वाट बघू नये. विशिष्ट वयानंतर ते संपत नसतं, त्याच्यासकटच राहायचं असतं. प्रवास त्या माणसाच्या चालीने करा, म्हणजे झालं.

आई-वडिलांना परदेश दाखवायचा बेत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. करा जरूर. फक्त बुकिंगच्या साइटवर सॉर्टचं बटण दाबायच्या आधी हॉटेलला एक फोन लावा आणि विचारा, फुटपाथपासून पलंगापर्यंत किती पायऱ्या? समोरचा जरा गोंधळेल, पण मोजून सांगतो.